मस्कतकरांचं मशीन

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

पहिला दिवस. आता दर मंगळवार-शुक्रवार. सकाळच्या मेमू गाडीने पेणहून रोह्याला गेलो. कुंदा नको म्हटलं तरी बरोबर आली. धाटावच्या कारखान्यांचा वास आज नदीपर्यंत आला होता, रिक्षातच नाकाला रुमाल लावला.

सेंटर नदीच्या कडेला आहे. एकमजली, गुलाबी. दारावर कुणा हर्षदशेठचा दरवाजाएवढा फोटो, हात जोडलेले. खाली लिहिलंय, 'रोहा-पेण स्नेहसंगम, मस्कत यांच्या सौजन्याने मोफत डायलिसिस'. तेच आतल्या चारी मशीनांवर. तेच खुर्च्यांवर. चादरीवर छापलेलं. लघवीच्या भांड्यावरसुद्धा स्टिकर आहे. इथे येणाऱ्या बऱ्याच जणांना आता लघवीच होत नाही, पण सौजन्य तयार आहे.

सुई टोचली तेव्हा मी भिंतीकडे बघितलं. आपलं रक्त नळीतून बाहेर जाऊन यंत्रात फिरतंय हे बघण्यासारखं दृश्य नाही. उठताना तोंडाला लोखंडाची चव होती.

मशीन चालवणारी मुलगी किमया. पंचविशीची असेल. सुया काढल्यावर फोन घेऊन समोर उभी राहिली.

"काका, दोनच वाक्यं बोला. तुमचं नाव, गाव, आणि स्नेहसंगमचे आभार. सगळ्यांनाच बोलावं लागतं. तिकडे शुक्रवारी त्यांचं गेट-टुगेदर असतं, तिथे दाखवतात."

म्हटलं, "बाय, मी जन्मभर एस.टी.त कंडक्टर होतो. माझ्या गाडीतून उतरताना एकाही पॅसेंजरला मी थँक्यू म्हणायला लावलं नाय."

"नियम आहे काका. नाहीतर नंबर दुसऱ्याला जातो."

"जाऊ दे."

तिने फोन खाली घेतला. मग म्हणाली, "बरं, मी बघते काहीतरी."

बाहेर येऊन बाकावर बसलो. कुंदा आत कॉरिडॉरमध्ये त्या पोरीशी कितीतरी वेळ बोलत होती. बायकांना बोलायला ओळख लागत नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

शेजारच्या खुर्चीत अय्यूबभाई असतात. रोहा-अष्टमीचे, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट. डायलिसिसला येतात की दावतीला, असं वाटावं. घरी मुलगी उमामा असते, ती सोडायला येते.

सुया निघाल्या की हा माणूस आपण होऊन फोन मागतो आणि मस्कतच्या पोरांशी घरातल्यासारखं बोलतो. "सलाम आलेकुम, नमस्कार. मी तुमचा अय्यूबचाचा. आज मशीन मस्त चाललं. साईराज, तुझ्या आईला काल बाजारात बघितली, चांगली खणखणीत हाय. सगळ्यांना दुवा." आणि हसतो.

सर्कशीतला म्हातारा सिंह असतो ना, आपण होऊन स्टुलावर चढणारा.

मी तसं बोललो. सिंह म्हटलं नाही, पण 'सर्कस' म्हटलं. तर म्हणाले, "मास्तर, तुमी नवीन हाव." एस.टी.त होतो म्हणून मला मास्तर म्हणतात. दोघांनाही आता तेच बरं वाटतं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज कळलं की हे स्नेहसंगम म्हणजे अय्यूबभाईंनीच काढलेलं मंडळ! मी म्हटलं, "तुमी? मग तुमचा फोटो कुठाय दारावर?"

त्यांनी सांगितलं ते लिहून ठेवतो. तरुणपणी मस्कतला गेले. रूवी भागात एका खोलीत रोहा, नागोठणे, पेणचे आठजण. कोण सुतार, कोण ड्रायव्हर. हिंदू-मुसलमान असं काही नव्हतं, खोलीला एसीही नव्हता. शुक्रवारी सुट्टी. घरून आलेले सुके बोंबील तळायचे, शेजारचे नाक धरून भांडायला यायचे. मग ज्याला वाचता येई त्याने बाकीच्यांची पत्रं मोठ्याने वाचायची. "माझ्या बायकोनं मला काय लिवलंय ते आधी सात जणांना कळायचं," म्हणाले.

त्यातला नागोठण्याचा एकजण झोपेतच गेला. त्याला घरी पाठवायचं कसं कुणालाच कळेना. सगळ्या खोल्यांतून फिरून, जो मराठी बोलेल त्याच्याकडे हात पसरून, शेवटी पोचवला. त्या दिवसापासून मंडळ.

गोष्ट चांगली होती. पण मग किमयाने तिच्या फोनवर गेल्या शुक्रवारचा त्यांचा कार्यक्रम दाखवला. हॉटेलचा हॉल, झुंबरं, नऊवारी नेसलेल्या बायका लावणीच्या गाण्यावर नाचतायत. हाउजी चाललीय. हाउजी आणि जेवण यांच्या मधल्या वेळात पडद्यावर आमच्या सेंटरचे पेशंट. सुजलेली तोंडं, हाताला पट्ट्या. समोर लोक भजी खातायत.

पुढचं न बघताच मी फोन परत दिला.

१७ डिसेंबर, मंगळवार

जेवणात मीठ नाही. माझा बाप मिठागरावर राबला, आमच्या अंगणात मिठाची रास असायची, आणि मला आता मीठ विष. नारळपाणी विष, केळं विष, खजूर तर बघायचासुद्धा नाही. पाणी औषधाच्या कपाने. रात्रंदिवस तहान. आज कुंदाने बिनमिठाची तांदळाची भाकरी आणि दुधी ठेवला, मी ताट सरकवलं. तिने तेच जेवून घेतलं. ती पण हल्ली बिनमिठाचं खाते, म्हणे दोन स्वयंपाक कोण करणार.

माझ्या अंगाला वास येतो. औषधाचा का कशाचा माहीत नाही. स्वतःचीच शिसारी येणं ही काय चीज आहे ते आता कळलं.

कुंदा मात्र रोह्याला येताना चांगली साडी नेसते, गजरा माळते. म्हटलं, "लग्नाला निघालीस काय गो?" म्हणाली, "नेसले तर काय झालं?" दवाखान्यात गजरा! नवरा खुर्चीत पडलाय आणि हिला हौस.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

स्नेहसंगमचा मोठा कार्यक्रम ठरलाय. रविवारी, बारा तारखेला, सेंटरच्या आवारातच. पाचवं मशीन बसवलंय, त्याचं उद्घाटन. मंडळाचे अध्यक्ष हर्षदशेठ स्वतः मस्कतहून येणार. कुणी तरी मोठे पाहुणे फीत कापणार. तिकडे मस्कतला हॉलमध्ये सगळं थेट दिसणार.

आणि म्हणून पुढच्या शुक्रवारी सेंटर बंद. रंगकाम आणि मंडप. आमची पाळी बुडणार.

पुन्हा वाचलं मी लिहिलेलं. डायलिसिसच्या उद्घाटनासाठी डायलिसिस बंद.

७ जानेवारी, मंगळवार

हर्षदशेठ आले होते. मूळचे पेणचेच. पन्नाशीचा माणूस, अत्तराचा भपका, पायात पांढरे बूट. सगळ्यांच्या पाया पडले. माझ्याही पडायला लागले, मी पाय आत घेतले.

म्हटलं, "शेठ, शुक्रवारी बंद ठेवू नका. मंगळवार ते मंगळवार म्हणजे आठवडा होतो. अंगात पाणी साठतं आमच्या."

"काका, एका पाळीचा तर प्रश्न आहे. पाणी जरा कमी प्या." आणि हसले. "तुमच्यासाठीच तर चाललंय सगळं."

किमया म्हणाली, "सर, गुरुवारी संध्याकाळी जादा पाळी घेऊ का? मी थांबते."

"गुरुवारी फुलवाले येणार आहेत, किमया. मशीनं सजवायची आहेत." मग आवाज खाली करून, "तुला हे काम आवडतं ना?"

पोरगी मशीनची बटणं बघायला लागली. चेहरा पडला तिचा. मी अय्यूबभाईंकडे बघितलं, आता हे तरी बोलतील. मंडळाचा बाप ना हा माणूस! तर ते हर्षदशेठचा हात धरून विचारतायत, "तुझा गुडघा कसा हाय रे?"

नंतर म्हणाले, "हर्षद पहिल्यांदा मस्कतला आला तेव्हा माझ्या खाटेवर झोपला. मी खाली. रडायचा रे रात्रीचा आईच्या नावानं."

म्हटलं, "मग उठवायचा होता आणि घालवायचा होता घरी."

१० जानेवारी, शुक्रवार

पाळी नाही. पाय सुजून केळीच्या खांबासारखे झालेत. चपला चढत नाहीत. उताणं झोपलं की धाप लागते, भिंतीला टेकून बसलोय.

शेठ, पाणी कमी पितोय.

१३ जानेवारी, सोमवार

कालचं लिहायला हात धजत नव्हता, पण लिहितो.

आम्हा चौघांना पुढच्या रांगेत बसवलं. खांद्यावरून केशरी पट्टा, त्यावर जरीने 'लाभार्थी'. मागे हजारेक माणूस. एका बाजूला बुफे, बिर्याणी, मासे, गुलाबजाम, सरबताचे पिंप. वास आमच्या अंगावरून जात होता. त्यातलं आम्हाला काहीच चालत नाही.

समोर मोठा पडदा. पडद्यावर मस्कतचा हॉल आणि हॉलमधल्या पडद्यावर आम्ही. मग दिवे मंद केले आणि 'कृतज्ञता' नावाची फिल्म लावली. अय्यूबभाई आले, बाकीचे दोघे आले. आणि मग कुंदा.

कुंदा. जांभळ्या साडीत, गजरा माळून. "मी पेणवरून बोलते. माझे मिस्टर बोलायला जरा लाजतात, म्हणून त्यांच्या वतीनं मी बोलते. तुमचे लय उपकार हाईत." साडी बदलली, पुन्हा तेच. पुन्हा साडी बदलली. पहिल्या दिवसापासूनचे सगळे एकामागून एक लावले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "बिचारी."

मी लाजतो!

मान वळवून बघितलं तर ती बायकांच्या रांगेत खाली बघून बसली होती. भर बाजारात कुणी धोतर फेडावं तसं झालं. उठून जावं म्हटलं तर पाय उचलेनात.

तेवढ्यात हर्षदशेठ चांदीचं ताट घेऊन खाली आले. मस्कतचा खजूर. अय्यूबभाईंच्या तोंडात आपल्या हाताने घातला. फोटोवाला म्हणाला, शेठ, परत एकदा, चेहरा इकडे. परत घातला. मग मस्कतच्या लोकांना नीट दिसला नाही म्हणून परत. वर सरबत.

मी कानात म्हटलं, "अय्यूबभाई, थुंका. पोटॅशियम असतं त्यात, किमयानं किती वेळा सांगितलंय."

ते तोंडातला खजूर चावत म्हणाले, "पोरानं भरवलंय रे."

माझ्यासमोर ताट आलं तेव्हा मी तोंड घट्ट मिटलं. शेठ हसले आणि पुढे गेले.

जरा वेळाने अय्यूबभाईंचं नाव पुकारलं, दोन शब्द बोलायला. ते उठायला गेले आणि तसेच परत बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, पाय नाय रे माझे." हात उचलायला गेले, तोही अर्धाच उचलला. ओठ पांढरे. मी मनगट धरलं. नाडी लागली, मग कितीतरी वेळ काहीच नाही, मग एकदा लागली.

मी ओरडलो. माझा आवाज डबल बेलच्या वरून जाणारा आवाज आहे, मंडपभर गेला. "किमया! ए किमया! अय्यूबभाई गेला!"

ती पाहुण्यांच्या ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. ताट टाकून धावत आली. मनगट धरलं आणि म्हणाली, "आत घ्या. आत्ता." मी, उमामा आणि दोन वाढपी, आम्ही त्यांना खुर्चीसकट उचललं. मी कसं उचललं मला माहीत नाही.

दाराला लाल फीत बांधलेली होती. हर्षदशेठ आडवे आले. "किमया, दोन मिनिटं. पाहुणे पुलावर आलेत. दोन मिनिटं फक्त, फीत..."

शेजारी एक बाई मखमलीच्या तबकात कात्री घेऊन उभी होती. किमयाने ती कात्री उचलली आणि फीत कापली. टाळ्या पण वाजल्या मागून. ज्यांना काही कळलं नव्हतं त्यांनी वाजवल्या.

आत मशीनांवर झेंडूच्या माळा. तिने ओरबाडून काढल्या. व्यासपीठावरचे डॉक्टर धावत आले, इंजेक्शनं दिली. मशीन लागायला वेळ लागतो, तो वेळ उमामा बापाच्या पायाशी बसून काहीतरी पुटपुटत होती. मीही पुटपुटत होतो. काय ते लिहीत नाही.

बाहेर बिर्याणी चालूच होती. चमच्यांचा आवाज येत होता.

अय्यूबभाई वाचले.

आज सकाळी किमयाने कुणालाही न विचारता सेंटर उघडलं आणि आम्हा सगळ्यांना घेतलं. जमिनीवर झेंडू तुडवलेला होता. मशीनचं काम झालं पण मी तिच्याशी बोललो नाही, कारण ते व्हिडिओ तिनेच काढलेत. कुंदाशी तर कालपासून बोललेलो नाही.

१५ जानेवारी, बुधवार

स्नेहसंगमच्या पानावर फोटो आलाय. अय्यूबभाई डोळे मिटून पडलेत, नळ्या लागल्यात, उशाशी हर्षदशेठ हात जोडून उभे. खाली लिहिलंय, 'सोहळ्यातच सेवा! नव्या मशीनवर तात्काळ उपचार, ज्येष्ठ सदस्याचे प्राण वाचवले. स्नेहसंगमचा अभिमान.' खाली शेकडो टाळ्या, हार, हात जोडलेली चित्रं.

उलटी झाली. खरोखरची. कुंदाने पुसून घेतली.

१७ जानेवारी, शुक्रवार

गेलो नाही. यापुढे जाणार नाही. त्यांचं मशीन त्यांना लखलाभ. माणसाने मरावं, पण लाभार्थी म्हणून जगू नये.

कुंदा साडी नेसून, पिशवी भरून दारात उभी होती. गाडीची वेळ गेली तेव्हा आत येऊन माझ्यासमोर बसली.

"बोलायचं नसंल तर नका बोलू. ऐका तरी. ती पोर म्हणाली, यानला बोलायचं नाय तर यानचा नंबर जाईल. मी म्हटलं, मी बोलते. एवढंच झालं."

मी म्हटलं, "माझी लाज काढलीस चव्हाट्यावर."

"व्हय. काढली. थँक्यू म्हटल्यानं माझ्या जिभेला फोड नाय आले. तुमी तुमचा ताठा जपा. मला तुमी पायजे."

मी भिंतीकडे तोंड करून पडलो. तिला कळत नाही. तिला कधीच काही कळलं नाही.

२० जानेवारी, सोमवार

पाय गुडघ्यापर्यंत फुगलेत. बोलताना मध्ये श्वास घ्यावा लागतो. अक्षर बघा कसं येतंय.

दुपारी दारात रिक्षा थांबली. अय्यूबभाई! रोह्याहून आगगाडीने आले, उमामाच्या खांद्यावर हात ठेवून. ते मरता मरता वाचून आठवडा झालाय. कुंदाने बोलावलं असणार.

बसल्यावर आधी दोघेही धापा टाकत होतो. उमामा म्हणाली, "तुमच्या दोघांत आता कोण आधी बोलेल?"

मी बोललो. "त्यांचं मशीन मला नको."

"त्यांचं म्हंजे कुणाचं?"

"तुमच्या हर्षदचं."

"हर्षदचं नाव मोठं लिवलंय, मास्तर. मंडळात अडीचशे घरं हाईत. ट्रेलर चालवणारे हाईत, उन्हात वेल्डिंग करणारे हाईत. दर महिन्याला त्यांच्या पगारातून जातं. त्यानला कुणी स्टेजवर घेत नाय, ते मागं उभे असतात."

"मग त्यांना चालतं हे? सेंटर बंद ठेवून वर अभिमान?"

"त्यानला म्हाईतच नाय बंद होतं ते. कोण सांगणार? फोन समोर आला की आपण आभारच मानतो. मी पण मानतो. मला वाटायचं, पोरं लांब हाईत, त्यानला कशाला कडू ऐकवा." मग म्हणाले, "मी गोड बोलून बोलून मरायला आलो होतो रे. आता तुझं कडू मला पायजे."

पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाले.

मी काही वचन दिलेलं नाही. कुंदाने त्यांना चहा दिला, कपाच्या तळाशी जेमतेम. ते जाईपर्यंत मला उठून दारापर्यंतही जाता आलं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

गेलो. मेमूत चढताना कुंदाने आणि एका अनोळखी माणसाने वर ओढलं.

मशीनवरून उठल्यावर किमयाला म्हटलं, "आण तुझा फोन."

तिला थट्टा वाटली. म्हटलं, "आण. आणि मध्ये बंद करू नको."

मी काय बोललो ते आठवतंय तेवढं लिहितो. "माझं नाव कमळाकर, राहणार पेण. मी लाजत नाय. मला राग येतो म्हणून बोललो नव्हतो. तुमच्या कार्यक्रमासाठी शुक्रवारी हे सेंटर बंद होतं. इथल्या चार माणसांच्या अंगात आठवडाभर घाण साठली. त्यावर तुमच्या अध्यक्षांनी अय्यूबभाईला फोटोसाठी खजूर चारला. खजूर आमाला विष हाय. ते मरत होते, तेव्हा दारात फीत होती म्हणून थांबा म्हणाले. या पोरीनं फीत कापली म्हणून माणूस जिवंत हाय. फोटोत ती नाय. मशीन बंद ठेवू नका. खजूर आणू नका. हार आणू नका. काहीच आणू नका. आमाला बोलवू नका. बाकी मशीन चांगलं चालतं."

किमयाने दाराकडे बघितलं. म्हणाली, "काका, हे मी पाठवलं तर माझी नोकरी जाईल."

अय्यूबभाईंनी हात पुढे केला. "मला पाठव. त्या ग्रुपमध्ये पहिलं नाव माझं हाय. मी टाकतो." आणि टाकलं.

हर्षदशेठने ते लगेच काढलं म्हणे. पण तोवर पुढे गेलं होतं.

२८ जानेवारी, मंगळवार

हर्षदशेठचा फोन आला, सेंटरच्या फोनवर. मला वाटलं शिव्या देतील. माझी तयारी होती. तर म्हणाले, "काका, लोक शुक्रवारी हाउजी बंद पाडून उभे राहिले. मला विचारत होते." आवाज बसलेला होता. मग अय्यूबभाईंना द्या म्हणाले. अय्यूबभाई ऐकत होते, मध्ये मध्ये "बस, बस बेटा" म्हणत होते. मला ते 'बेटा' ऐकवेना. एवढं झाल्यावरही!

व्हिडिओची सक्ती बंद झाली. किमया कामावर आहे. सुट्टीच्या दिवशीही सेंटर चालू राहणार असं दारावर लावलंय. लावताना शेठचा फोटो थोडा वर सरकवलाय, काढलेला नाही.

कुंदा आज साध्या साडीत आली होती. गजरा नाही. विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक वैतागवाणा दिवस.

मशीन नुकतं लागलं होतं, तर एकजण आत आला. तिशीतला, दाढी वाढलेली, पाठीला सॅक. सरळ माझ्या खुर्चीपाशी आला. "सलाम काका. मी फैजल. मस्कतवरून आलो."

म्हटलं, "काय आणलंयस?"

दोन्ही हात उघडे करून दाखवले. "काहीच नाय. तुमीच सांगितलंत ना, काही आणू नका." मग एकदम गडबडला. "'आमाला बोलवू नका' म्हणालात. पण 'तुमी येऊ नका' असं नव्हतं म्हणालात. मी परत परत ऐकलं."

विमानतळावरून तडक इथे आलेला. घर नागोठण्याच्या अलीकडे, आई वाट बघत असणार. आधी इथे कशाला? म्हणे उतरावंसं वाटलं नाही, आगगाडीत बसून राहिला तो रोह्याला आला.

बसला स्टूल ओढून. अत्तराचा वास, घामाचा वास, आणि बूट काढले तेव्हा मोज्यांचा. मला सुया लागलेल्या, पळून जाता येत नाही. त्याने सगळं सांगितलं. सोहार ते मस्कत ट्रेलर चालवतो. एकटाच. केबिनमध्ये जेवतो. शुक्रवारी स्नेहसंगमच्या हॉलवर लवकर जातो, खुर्च्या मांडायला. कार्यक्रमात मागे भिंतीला उभा असतो. खुर्च्या परत लावल्या की जेवण.

म्हटलं, "आणि आमची तोंडं बघून भजी खातोस."

तो ओशाळला. "भजी संपतात हो मागं येईपर्यंत." मग म्हणाला, "काका, राग नका मानू. काकी बोलतात ना त्या व्हिडिओत, त्यांच्या मागं ती खिडकी हाय." कॉरिडॉरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "तिच्यातून नदी दिसते. आमी मागचे सगळे ती नदी बघतो. एकदा काकींच्या मागं होडी गेली, तर आमच्यातला एकजण म्हणाला, माझ्या चुलत्याची हाय. सगळे म्हणाले परत लावा, परत लावा. स्टेजवरच्यांना वाटलं आमी काकींसाठी ओरडतोय."

कुंदा कॉरिडॉरमध्येच बसली होती, त्याच खिडकीपाशी. तिला ऐकू गेलं असणार. तिने पदर सारखा केला आणि बाहेर बघायला लागली. मूर्ख बाई, एवढंच बोलायचं होतं तर मला आधी सांगायचं होतं की मागे नदी दिसते.

बोलता बोलता फैजल झोपला. स्टुलावर, डोकं माझ्या खुर्चीच्या हातावर टेकून, तोंड उघडं. घोरायला लागला. लाळ माझ्या बाहीवर. किळसवाणं होतं, स्पष्ट लिहितो.

माझं मशीन थांबलं, सुया निघाल्या, पट्टी बांधून झाली. किमया त्याला हलवायला आली, मी तिला हाताने नको म्हटलं. अय्यूबभाई जाताना थांबले, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि उमामाचा हात धरून गेले. माझ्या खुर्चीवरचे पुढच्या पाळीचे पेशंट आले, त्यांना किमयाने दुसऱ्या खुर्चीत घेतलं.

कुंदा दारातून म्हणाली, "अवं, गाडी."

म्हटलं, "जाऊ दे. पुढची बघू."